बी उगवत नाही? नवीन पुडी आणण्याआधी या क्रमाने तपासा

मी घरगुती बागांसाठी भाजीपाल्याची रोपं करून देतो. जून-जुलैत आणि पुन्हा दिवाळीच्या सुमारास येणारी तक्रार ठरलेली: "बी बोगस निघालं." हातात अर्धी उरलेली पुडी आणि घरी रिकामी कुंडी. यातल्या बऱ्याच पुड्या माझ्याकडे व्यवस्थित उगवतात, काही मात्र खरोखरच मेलेल्या असतात. कुठली कशातली हे ओळखायला खर्च जवळजवळ लागत नाही, फक्त क्रम पाळावा लागतो. लोक थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात. नवीन पुडी, नवीन माती, वर एखादं महागडं खत, आणि दोष होता तिथेच राहतो.

आधी लक्षण ओळखा

"उगवलं नाही" म्हणताना लोकांना चार वेगवेगळ्या गोष्टी म्हणायच्या असतात.

- काहीच वर आलं नाही. पण हे म्हणण्याआधी दिवस मोजा. मुळा, मेथी, चवळी तीन ते पाच दिवसांत दिसतात. टोमॅटो-वांग्याला आठवडाभर द्या. मिरची पंधरा दिवसही घेते, कोथिंबीर आणि कारलं यांचीही घाई नसते. मिरचीची कुंडी सहाव्या दिवशी उलटी करणारे मला दर हंगामात भेटतात.
- थोडं आलं, तेही मागेपुढे आणि मरगळलेलं.
- छान उगवलं, पण चार-सहा दिवसांत रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडली.
- रोप जोमदार झालं, पण कांदा धरला नाही, भेंडी पिवळी पडली, टोमॅटो भलताच आला किंवा दुधी कडू निघाला.

पहिली दोन लक्षणं बियाण्याची असू शकतात किंवा मातीचीही. तिसरं बहुतेक वेळा बियाण्याचं नसतंच. चौथं उगवणीचं नसून वाणाच्या निवडीचं आहे.

पहिली तपासणी: उकरून बघा

चमच्याच्या टोकाने दोन-तीन बिया उकरा आणि तळहातावर घ्या. पुढे काय तपासायचं ते इथेच ठरतं, म्हणून ही पायरी कधीच चुकवू नका.

बी कडक, कोरडी, पेरली तशीच सापडली तर आत पाणीच गेलेलं नाही. कारलं, दोडका, घोसाळं यांचं टरफल जाड असतं. त्यांची टोकाकडची कड नखं कापायच्या कटरने किंचित उडवायची, आतला पांढरा गर दुखवायचा नाही, आणि रात्रभर भिजवून लावायचं. धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया. लाटण्याखाली हलकेच रगडून दोन फाका करा आणि मग भिजवा.

बी फुगलेली आहे, पण दोन नखांत दाबल्यावर पांढरट लगदा बाहेर येतो आणि कुजका वास येतो? म्हणजे बी आधीच मेलेली होती किंवा चिखलात गुदमरली. यातलं नेमकं कुठलं, ते पुढे फडक्याच्या चाचणीत कळेल.

पांढरा कोंब निघालाय पण मातीतच वाकून अडकलाय, याचा अर्थ बी उत्तम आहे. एक तर ती फार खोल गेली आहे किंवा वर पपडी धरली आहे. बीच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती वर पुरते. लेट्यूस आणि तुळस तर नुसती भुरभुरून हाताने दाबायची, त्यांना उजेड लागतो.

आणि बीच सापडली नाही तर? भोपळ्याच्या बियांची दोन फाकं झालेली टरफलं कुंडीत किंवा आसपास पडलेली असली की उंदीर किंवा खार समजा. टरफलही नसेल आणि बी माठ-टोमॅटोसारखं बारीक असेल, तर मुंग्यांनी ओढून नेलं. सकाळी कुंडीच्या काठावर नजर ठेवा, रांग दिसतेच. ट्रे पाण्याच्या परातीत विटेवर ठेवला की मुंग्यांचा प्रश्न मिटतो.

दुसरी तपासणी: पुडी वाचा

समोरच्या बाजूचा लालबुंद टोमॅटोचा फोटो बघायचा नाही, मागची बारीक अक्षरं वाचायची. तिथे पिकाचं आणि वाणाचं नाव, लॉट नंबर, चाचणीची तारीख, वैधतेची तारीख, उगवण टक्केवारी, शुद्धता आणि वजन असायला हवं. यातली चाचणीची तारीख सगळ्यांत महत्त्वाची, कारण छापलेली उगवण त्या दिवशीची असते. प्रमाणित बियाण्याची मुदत चाचणीपासून नऊ महिन्यांची धरतात. पुन्हा चाचणी करून ती सहा महिन्यांनी वाढवता येते. त्यामुळे मुदतीत असलेल्या दोन पुड्यांमध्येही ताजी चाचणी असलेली उचला.

टक्केवारी वाचताना अपेक्षा जागेवर ठेवा. प्रमाणित बियाण्याला ठरवलेली किमान उगवण टोमॅटो आणि वांग्याला 70 टक्के, भेंडीला 65, मिरची, पालक आणि दुधी-काकडीसारख्या वेलवर्गाला 60, कोथिंबिरीला 65 आणि चवळीला 75 टक्के आहे. म्हणजे मिरचीच्या दहा बियांतून सहा रोपं आली तर पुडी नियमात बसते. रोपांच्या ट्रेच्या दहा कप्प्यांत एकेक बी टाकून "चार फुकट गेल्या" म्हणण्यात अर्थ नाही. मिरचीला कप्प्यात दोन बिया टाका आणि नंतर जोमदार रोप ठेवून दुसरं कापा.

लेबलचा रंगही काही सांगतो. प्रमाणित बियाण्याचं लेबल निळं, पायाभूतचं पांढरं, पैदासकाराचं सोनेरी पिवळं आणि सत्यप्रत बियाण्याचं फिकट हिरवं. घरगुती पुड्या बहुतेक सत्यप्रत असतात. त्यात प्रमाणीकरण यंत्रणेने शेतात जाऊन तपासणी केलेली नसते, लिहिलं आहे त्याची जबाबदारी विकणाऱ्या कंपनीची. याचा अर्थ माल वाईट असा नाही, पण लेबलच नसलेल्या पुडीला कोणीच जबाबदार नसतं. आठवडी बाजारात वर्तमानपत्राच्या पुडीत मिळणारं सुटं बी आणि ऑनलाइन मिळणारी "शंभर प्रकारच्या बिया" वाली पाकिटं याच जातीची. निळी स्ट्रॉबेरी आणि सप्तरंगी गुलाब यांचं बी जगात कुठेच नाही. ते मागवलं असेल तर पुढच्या तपासण्या करूच नका.

बी गुलाबी, निळं किंवा हिरवं दिसत असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. असं बी भिजवलं की औषध धुऊन जातं, म्हणून थेट पेरा आणि हात साबणाने धुवा. उरलेलं बी स्वयंपाकघरात ठेवू नका.

तिसरी तपासणी: कॅलेंडर

हीसुद्धा फुकट, आणि माझ्या मते निम्म्या "बोगस" पुड्या इथेच निर्दोष सुटतात. भेंडीला ऊब लागते. नाशिक-पुण्याकडच्या डिसेंबरच्या थंडीत पेरलेली भेंडी मातीत पडून कुजते, तीच पुडी फेब्रुवारीअखेर पेरली तर पाच-सहा दिवसांत वर येते. पालक, कोथिंबीर आणि लेट्यूस यांचं उलट. विदर्भाच्या मे महिन्यात तापलेल्या गच्चीवर लेट्यूसचं बी जिवंत असूनही रुजायला नकार देतं. त्याला घरात थंड कोपऱ्यात मोड आणून मग बाहेर न्या.

कांद्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण यात चांगले जाणकारही फसतात. कांदा कधी धरायचा हे झाड दिवसाच्या लांबीवरून ठरवतं. युरोप-अमेरिकेच्या उत्तर भागातल्या मोठ्या दिवसांच्या जातींना कांदा धरायला चौदा तासांहून मोठा दिवस लागतो. आपल्याकडे मुंबई-पुण्यात 21 जूनचा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. त्यामुळे तिकडच्या सुंदर पाकिटातलं बी इथे शंभर टक्के उगवलं तरी पात फक्त वाढत राहते, खाली कांदा येत नाही. शिकागो किंवा टोरांटोला राहणाऱ्यांनी इकडचं कांद्याचं बी लावलं तर उलटं घडतं. तिकडच्या वाढत्या दिवसांत पात पुरेशी होण्याआधीच कांदा धरतो आणि लिंबाएवढाच राहतो. (परवानगीशिवाय बी बॅगेत घालून देशात आणणं किंवा तिकडे नेणं हे नियमांतही बसत नाही.) आपल्याकडेही खरिपाला 'बसवंत 780' आणि रब्बीला 'एन 2-4-1' असे हंगामाप्रमाणे वाण वेगळे आहेत. पुडीवर नुसतं "लाल कांदा" लिहिलं असेल तर दुकानदाराला हंगाम विचारा, आणि त्याला सांगता आला नाही तर दुसरं दुकान बघा.

फ्लॉवरचंही तसंच. लवकरच्या हंगामाची जात थंडीत उशिरा लावली की गड्डा बटणाएवढाच येतो.

चौथी तपासणी: ओलं फडकं

पुडीत दोष आहे की कुंडीत, याचा निकाल इथे लागतो. खर्च म्हणजे दहा-वीस बिया आणि एक जुना सुती रुमाल.

रुमाल भिजवून घट्ट पिळा. हातात धरल्यावर गार लागला पाहिजे, पण थेंब पडता कामा नये. बिया एकमेकींना लागणार नाहीत अशा ओळीत मांडा, वर फडक्याची घडी टाका आणि गुंडाळी करून स्टीलच्या डब्यात ठेवा. झाकण जरा किलकिलं ठेवा. डब्यावर चिठ्ठी चिकटवून पीक, तारीख आणि मोजलेल्या बिया लिहा, नाहीतर चौथ्या दिवशी कुठला डबा कशाचा ते आठवत नाही. डबा फ्रिजच्या वर किंवा स्वयंपाकघराच्या उबदार कोपऱ्यात ठेवा. फडकं सुकत आलं की पाण्याचा हबका मारा.

रोज उघडून बघा. चांगल्या बीतून आधी बारीक पांढरं मूळ येतं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर कापसासारखी लव दिसते. ती बुरशी नव्हे, मुळांचे केस आहेत. बुरशी करडी किंवा हिरवट असते, कोळ्याच्या जाळ्यासारखी एका बीवरून दुसरीवर पसरते आणि तिला वास येतो. फक्त मूळ आलं म्हणून उगवण मोजू नका. मूळ आणि कोंब दोन्ही सरळ, धडधाकट आहेत त्याच बिया मोजा. जुन्या बियाण्यात मूळ निघतं आणि तिथेच तपकिरी होऊन थांबतं. असं बी कुंडीत कधीच वर येत नाही.

निकाल लावताना दहा बियांवर फार बारीक हिशेब करू नका. सहा आणि सात यांत फरक नाही, दोन आणि आठ यांत नक्की आहे. फडक्यात सात-आठ उगवल्या आणि कुंडीत शून्य, तर पुडी निर्दोष आहे, पुढच्या तपासणीकडे जा. फडक्यात दोन-तीनच आल्या तर पुडी मेलेली. चार-पाच आल्या तर फेकू नका, दुप्पट दाट पेरा.

पाण्यात टाकून तरंगणारं बी फेकायचं, ही पद्धत मी वापरत नाही. दुधी-दोडक्याच्या जाड टरफलात आणि धण्यात हवा असते, त्यामुळे चांगल्या बियाही तरंगतात, आणि वयाने मेलेलं बी निवांत तळाला बसतं.

पाचवी तपासणी: माती आणि पाणी

फडक्यात पास झालेलं बी दोन ग्लासांत लावा. एकात नेहमीची माती, दुसऱ्यात धुतलेलं कोकोपीट. ग्लासांना खाली भोकं पाडा, दोन्ही एकाच उन्हात ठेवा आणि सारखंच पाणी द्या. कोकोपीटमध्ये उगवलं आणि मातीत नाही, तर माती दाबलेली आहे, निचरा होत नाही किंवा त्यात कच्चं शेणखत आहे. अर्धवट कुजलेलं खत बियांच्या शेजारी तापतं आणि कोंब जाळतं.

दोन्हीकडे उगवलं नाही तर पाण्याकडे बघा. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या खारट पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो. खारट मातीतून बी पाणी ओढूच शकत नाही. उरलेल्या बियांना पावसाचं किंवा पिण्याचं पाणी देऊन बघा. कोकोपीटमध्येही मीठ असू शकतं, म्हणून वापरण्याआधी ते दोन-तीनदा भिजवून पिळून काढा.

आडवी पडणारी रोपं याच गटात मोडतात. रोपं कोलमडणं हा मातीतल्या बुरशीचा रोग. दाट पेरणी, सतत ओल आणि कोंदट जागा मिळाली की तो हमखास येतो. पडलेलं रोप परत उभं राहत नाही, त्याला औषध मारत बसू नका. पाणी कमी करा, हवा खेळू द्या, आणि पुढची पेरणी नव्या मिश्रणात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळून विरळ करा.

सहावी तपासणी: बी ठेवलं कुठे होतं

गेल्या वर्षीची उरलेली पुडी यंदा दगा देते, त्याचं कारण बहुतेक वेळा वय नसून ओल असते. बियाणेशास्त्रात हॅरिंग्टन यांचा एक ढोबळ नियम आहे: बीतली ओल एक टक्क्याने कमी झाली की आयुष्य साधारण दुप्पट, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. कोकणातल्या पावसाळ्यात उघडी पुडी फळीवर राहिली की दोन्ही गोष्टी उलट्या दिशेने जातात. कांद्याचं बी तर एका पावसाळ्यातच मान टाकतं. भेंडी आणि मिरची दोन-एक वर्षं चालतात, टोमॅटो आणि काकडी नीट ठेवली तर चार वर्षंही.

पुडीचं तोंड दुमडून क्लिप लावा आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत फ्रिजमध्ये ठेवा. बरणी बाहेर काढली की लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड बियांवर दव धरतं. हे सगळ्यांना सांगूनही कोणी पाळत नाही.

नवीन बी घेताना

इथवर येऊन पुडी खरंच मेलेली ठरली तर नवीन घ्या, पण काही गोष्टी आधी ठरवा. घरच्या बागेला पुढच्या वर्षी स्वतःचं बी धरायचं असेल तर सरळ वाण घ्या. संकरित वाणाचं बी धरून लावलं की पुढची झाडं एकसारखी येत नाहीत. बाजारातल्या टोमॅटोतलं बी उगवतं उत्तम, पण फळ कसं येईल ते झाडच ठरवतं. कृषी विद्यापीठांचे सरळ वाण चांगले आहेत: राहुरीचा 'सम्राट' दुधी आणि 'मांजरी गोटा' वांगं, दापोलीचा 'कोकण हरिता' दोडका. भेंडीत 'परभणी क्रांती' हा हळद्याला (पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याच्या विषाणूजन्य रोगाला) तोंड देणारा म्हणून 1980च्या दशकात आला. आता बऱ्याच ठिकाणी त्याच्यावरही हळद्या दिसतो, त्यामुळे आपल्या भागात सध्या काय टिकतंय ते विचारून घ्या. हळद्या पांढरी माशी पसरवते, तो बियाण्यातून येत नाही.

गावठी बी मिळालं तर वाल, घेवडा आणि चवळीपासून सुरुवात करा. यांची फुलं स्वतःच फळतात, म्हणून बी फारसं भेसळत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 ची पद्मश्री मिळाली ती असं गावठी बियाणं जपण्याच्या कामासाठीच, आणि त्यांच्या संग्रहात वाल-घेवड्याचे कितीतरी प्रकार आहेत. दुधी-भोपळ्याचं बी मात्र मधमाश्या शेजारच्या वेलाशी मिसळतात, ते घरी धरायचं तर फूल बांधून हाताने परागीभवन करायला शिका.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

फडक्यात पास झालेलं ताजं बी दोन वेगळ्या मातींत आणि बदललेल्या पाण्यातही मरत असेल तर आणखी प्रयोग करू नका. माती आणि पाण्याचे नमुने जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात द्या. फोनवर सल्ला हवा असेल तर किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा टोल फ्री क्रमांक आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

चाळीस रुपयांच्या पुडीसाठी दुकानदाराशी बोलून बदलून घेणं पुरे. मोठी खरेदी असेल, शेतघराच्या एकरभर रानात पेरलं असेल आणि उगवण झाली नसेल, तर घरच्या फडक्याच्या निकालाला कायद्यात किंमत नाही. बिल, रिकामी पिशवी, लेबल आणि थोडं उरलेलं बी जपून ठेवा, रान मोडू नका, आणि लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. तालुक्याची तक्रार निवारण समिती पाहणी करून पंचनामा करते. सरकारी बीज परीक्षण प्रयोगशाळा पुणे, नागपूर आणि परभणीला आहेत. रान नांगरून टाकल्यावर केलेल्या तक्रारीत कोणीच काही करू शकत नाही.

दुधी, काकडी किंवा दोडका कडू लागला तर तो झाडासकट काढा. शिजवू नका आणि रस तर अजिबात पिऊ नका, त्यातला कडू घटक विषारी असतो. खाल्ल्यावर उलट्या, जुलाब किंवा पोटात कळा सुरू झाल्या तर घरगुती उपाय न करता तडक दवाखान्यात जा. लहान मुलाने रंगीत औषध लावलेलं बी तोंडात घातलं असेल तरी तेच करायचं, आणि डॉक्टरांना दाखवायला पुडी सोबत न्यायची, कारण कुठलं औषध लावलंय ते तिच्यावर छापलेलं असतं.